आक्काचं शेवटचं पाणी

आक्का, तुमच्यामागे सात दिवस जमिनीवर बसायचं, ते मी बसतेच आहे. या झोपडीत बसायला दुसरं काही नाही. घोंगडं होतं ते डॉक्टरांनी जाळायला लावलं. भेटायला येणाऱ्यांनी जवळ बसून चार शब्द बोलायचे, तर येणाऱ्यांना शेताच्या बांधापलीकडे थांबवतात. भाकरी आणि पाणी तिथं ठेवून माणसं मागं सरतात, मग मी जाऊन घेऊन येते. अंगणभर चुना टाकलाय. वारा सुटला की तो उडतो आणि भाकरीवर बसतो.

शेजारची तुमची झोपडी काल जाळली. गवताचीच होती, लगेच जळाली. मी इकडं दारात उभी राहून बघत होते. तेवढ्या वेळात मला तुमच्याशी भांडायचं होतं ते सगळं आठवलं.

मी लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा तुमचे भाऊ मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, आक्काशी जमवून घे, माझ्याशी आपोआप जमेल. तुम्ही तेव्हा नुकत्याच विधवा होऊन माहेरी परत आला होता. यजमान पलटणीत हवालदार होते, मूलबाळ नव्हतं. मला वाटलं होतं, घरात एक दुःखी नणंद असेल, दिवसभर कोपऱ्यात बसणारी. तुम्ही तर घरात सापडायच्याच नाहीत. सदर बझारातल्या माडीवर आपली प्रार्थनेची खोली. बाहेरचे लोक तिला यहुद्यांची मशीद म्हणायचे आणि आपणही म्हणायचो. तिथली झाडलोट तुमची, दिव्यांच्या काचा तुमच्या, शुक्रवारी दुपारी शब्बाथची तेलवात तुमची. तुम्हाला कुणी नेमलं नव्हतं. मी एकदा विचारलं की हे सगळं तुमच्याकडेच कसं आलं, तर म्हणालात, केर दिसला म्हणून झाडू उचलला, मग ठेवायला जागाच मिळाली नाही.

आपली बेने इस्राएलांची घरं साताऱ्यात मोजकी. पेन्शनीत निघालेले शिपाई, कचेरीतले कारकून, कोरेगाव स्टेशनावरचा एक गार्ड. दहा पुरुष जमल्याशिवाय प्रार्थना पुरी होत नाही, आणि लढाईत तरुण मुलं गेल्यावर दहा जमेनात. तेव्हा तुम्ही पदर खोचून घरोघर फिरायच्या. कुणाला ताप असला तरी उठवून आणायच्या. लढाई संपून मुलं परत आली, तरी आकडा काही वाढला नाही. दोन घरं मुंबईला गेली. राहिलेल्यांतली तरुण मुलं यरुशलेमला जायच्या गोष्टी करू लागली. एका शब्बाथला खोलीत दिवे लागले, पुस्तकं मांडली, आणि माणसं आठच आली. तुम्ही दिवे विझेपर्यंत बसून राहिलात. घरी येताना मला म्हणालात, लेआ, ही खोली मला हल्ली रिकामी असली की मोठी वाटते. मी हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून मलाही ती मोठी वाटायला लागली.

आणि आपल्यातली एखादी बाई गेली की तिला आंघोळ घालायला, पांढरे कपडे शिवून चढवायला तुम्ही. मला त्या कामाची भीती वाटायची. तुम्ही मला हळूहळू शिकवलंत. आधी नुसतं पाणी तापवायला नेलंत, मग तांब्या हातात दिलात, मग एक दिवस म्हणालात, आता डोक्याकडे तू उभी राहा. गेलेल्या बाईशी तुम्ही बोलायच्या. पाणी जरा कोमट आहे बाई, आता कूस बदलते हं. मला ते ऐकून आधी अंगावर काटा यायचा. पुढं त्याचाच आधार वाटू लागला.

माझा मुलगा बेनी लढाईवरून धडधाकट परत आला, तेव्हा तुमचा नवस फेडायला आपण कोकणात गेलो. तुमच्या मनात तो प्रवास लहानपणापासून होता. साताऱ्याची, मिरजेची आणि सांगलीची मिळून बरीच माणसं तुम्ही गोळा केलीत. धरमतरची खाडी होडीतून ओलांडताना सांगलीची सारामावशी भीतीनं तुमच्या दंडाला धरून बसली होती आणि तुम्ही तिला चिडवत होता. कोकणातल्याच खंडाळ्याला एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या रथाची खूण दाखवतात, त्या खडकापाशी तुम्ही मलिदा केलात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. सगळ्यांना वाटून झाल्यावर ताटात तुमच्यापुरतं उरलंच नाही. सारामावशीनं स्वतःच्या वाटणीतला घास तुम्हाला भरवला.

दुसऱ्या दिवशी नवगावला गेलो. पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही गोष्ट आपण जन्मल्यापासून ऐकलेली. किनाऱ्याला लागलेली प्रेतं जिथं पुरली ते दोन उंचवटे तिथं आहेत. एकात पुरुष, एकात बायका, असं सांगतात. वर गवत वाढलं होतं. पुरुष मंडळी प्रार्थना म्हणत होती. तुम्ही बायकांच्या उंचवट्याशी खाली बसलात आणि मला हळूच विचारलंत, "यांना कुणी धुतलं असेल गं?"

मी म्हटलं, वाचलेल्याच अर्धमेल्या असतील, कुणाच्या अंगात त्राण असेल? तशाच पुरल्या असतील. तुम्ही मान हलवलीत. पण माझं उत्तर तुम्हाला पटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर सगळे गाणी म्हणत होते आणि तुम्ही गप्प होता. सारामावशीनं कारण विचारलं, तर तिचा हात हातात घेऊन म्हणालात, तुझ्यावर ती वेळ यायची नाही. मी असेन. मला ते बोलणं तेव्हाच आवडलं नव्हतं. चांगल्या दिवशी असलं कशाला बोलायचं?

त्यानंतरच्या हिवाळ्यात सांगलीत उंदीर पडायला लागले.

आधी हळदीच्या पेठेत पडले, मग गल्लीगल्लीत. सारामावशीचा मुलगा दानियल पेठेतच एका दुकानात कारकून. त्याचं पत्र आलं की गाव खाली व्हायला लागलंय, लोक माळावर झोपड्या घालून राहतायत, पण आई घर सोडत नाही. तुम्ही रोज टपाल यायच्या वेळेला दारात उभ्या राहू लागलात. पुढचं पत्र आलंच नाही. रविवारी सकाळी तार आली. आई गेली. कुणी बाई नाही.

तार वाचून तुम्ही कपाट उघडलंत आणि पांढरं कापड काढलंत. तुमचे भाऊ आडवे आले. ते म्हणाले, प्लेगच्या प्रेताला सरकारच हात लावू देत नाही, तू जाऊन काय करणार? मीही तेच म्हटलं. जरा कडकच म्हटलं. गेलेल्या माणसाला आंघोळ घातली काय, न घातली काय, त्याला काय कळतं? तुम्ही जिवंत आहात, आम्हाला तुम्ही हव्या आहात. तुम्ही कापडाची घडी घालत होता. म्हणालात, तिला कळत नसेल, मला तर कळतं. मग दंड चोळत सांगितलंत की गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यात जाऊन तुम्ही प्लेगची सुई टोचून आला आहात, तेव्हा काळजीचं कारण नाही.

तुम्ही उभ्या जन्मात खोटं बोलल्याचं मला माहीत नव्हतं. मी विश्वास ठेवला, आणि म्हटलं, मग मीही येते.

कोरेगावला गाडीत बसलो. समोरून येणाऱ्या गाडीला माणसं लटकलेली, डब्यांच्या टपावर गाठोडी. आपल्या डब्यात आपण दोघी आणि एक म्हातारा. पलूसच्या बाजूला ऊस उभा होता, पण फडात माणूस दिसत नव्हतं. त्या म्हाताऱ्यानं आपल्याला कुठं जाणार विचारलं, आणि ऐकल्यावर तो उठून डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. अजून आपण कुणाला शिवलोही नव्हतो.

सांगलीच्या नाक्यावर डॉक्टरांनी अडवलं. टोचलेलं असेल त्यांनाच घरात जाता येईल, बाकीच्यांनी इथंच टोचून घ्यायचं आणि प्रेतापासून लांब राहायचं, असा त्यांचा हुकूम होता. त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही सरळ त्यांच्याकडे बघून हो म्हणालात. मी नाही म्हटलं, म्हणून मला टोचलं.

गावात घरांची कौलं उतरवून ठेवली होती, आत ऊन जावं म्हणून. दारं सताड उघडी आणि आत कुणी नाही. एका ओसरीवर पाळणा तसाच टांगलेला होता. गंधकाची धुरी सगळीकडं. सारामावशीच्या दाराशी चुन्याची बादली घेऊन दोन माणसं उभी होती आणि पायरीवर एक शेतकरीण बसली होती. ती बायजाबाई, मावशीकडे दूध घालणारी. तिनं सांगितलं की मावशीला काखेत गाठ आली तसा दानियल बायकोमुलांना घेऊन मिरजेला सासऱ्याकडे निघून गेला. तेव्हापासून दूध-पाणी तीच दारातून आत सरकवत होती. मावशी गेल्याचा निरोपही तिनंच मिरजेला धाडला, म्हणून त्याची तार आली होती.

चुनेवाल्यांना तुम्ही हात जोडलेत. थोडा वेळ द्या म्हणालात. त्यांनी दिला. बायजाबाईनं अंगणात चूल मांडून पाणी तापवलं. मी पदर खोचून आत शिरायला लागले, तर तुम्ही उंबऱ्यावर आडवा हात धरलात. तुला आजच टोचलंय, अजून त्याचा गुण यायचाय, तू इथूनच पाणी दे. मी वाद घातला. तुम्ही ऐकलं नाहीत. मी बाहेरून तांबे देत राहिले आणि आतून तुमचा आवाज ऐकत राहिले. सारा, पाणी जरा कोमटच आहे बाई.

तिला पुरताना आपला एकही पुरुष नव्हता. सांगलीत आपलं कब्रस्तान नाही आणि प्रेत गाडीत घालू देईनात. बायजाबाईच्या नवऱ्यानं माळाकडची आपल्या शेताची कड दाखवली. म्हणाला, "हितं ठिवा. हितं आमी नांगर घालत न्हाई." दहा पुरुष नाहीत म्हणून गेलेल्यासाठीची कद्दीश म्हणता आली नाही. तुम्ही एकटीनंच शेमाची प्रार्थना म्हटलीत. त्या माळावर तुमचा आवाज फार बारीक वाटला मला.

मग नियमाप्रमाणे आपल्याला इथंच ठेवलं. बायजाबाईच्या शेतात दोन झोपड्या घातल्या, कारण तुम्ही माझ्या झोपडीत राहायला तयार नव्हता. मला राग आला होता. एवढी वर्षं आपण एका खोलीत निजलो, आणि आता ही शिवाशीव कसली? तुम्ही हसून म्हणालात, तू घोरतेस. संध्याकाळी आपापल्या दारात बसून आपण बोलायचो. आपलं भांडण दानियलवरून. मी म्हणायचे, पोटच्या पोरानं आईला तशी टाकून जावं? मी त्याचं तोंड पाहणार नाही. तुम्ही म्हणायच्या, त्याच्या कडेवर लहान मूल होतं. मी म्हणायचे, तुम्हाला नव्हतं का कुणी? तुम्ही म्हणायच्या, भिणं हे पाप नव्हे. मग पाप कशाला म्हणायचं, असं मी विचारलं. ते भांडण तिथंच राहिलं आहे. मला अजून तुमचं म्हणणं पटलेलं नाही.

एका सकाळी तुम्ही दारात आला नाहीत.

मी हाक मारली. आतून म्हणालात, थंडी वाजतेय, उन्हात येते जरा वेळानं. तुमच्या आवाजावरून मला कळलं. मी आत आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवून ओरडलात, बाहेर हो. मी झाले नाही. तुमच्या अंगाला हात लावला तर तापलेला तवा. डॉक्टर आले, त्यांनी गाठ बघितली, आणि बाहेर येऊन माझ्याकडे न बघता म्हणाले की सुई घेतलेल्यांना सहसा इतकं जोरात येत नाही.

संध्याकाळी मी तुमच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. तुम्ही माझा हात धरलात.

"लेआ, मी टोचून घेतलं नव्हतं गं."

मला आधी अर्थच लागला नाही. मग मी विचारलं, खोटं का बोललात?

"खरं सांगितलं असतं तर तिच्याकडे आत कोण गेलं असतं? तू गेली असतीस. मी तुला शिकवून ठेवलंय ना."

आक्का, तुम्ही मला हे काम शिकवलंत, आणि शिकवलंत म्हणूनच तुम्हाला माझ्यापासून ते लपवावं लागलं. मला रडू आलं नाही, राग आला. मी पट्टी पिळून पुन्हा ठेवली. त्या वेळी तुम्हाला दोन शब्द गोड बोलायला हवे होते. तुमचे केस विंचरले असते तर बरं झालं असतं. पण मी नुसत्या पट्ट्या बदलत राहिले.

शेवटी शेवटी तुम्ही बेनीच्या लहानपणाचं बोलत होता, मध्येच खाडीचं, मध्येच कुणीतरी पायात घुटमळतंय त्याला बाजूला घ्या म्हणत होता. एकदाच अगदी शुद्धीवर आलात आणि मला बजावलंत, मला आंघोळ घालायची नाही. हात लावायचा नाही. चुना टाका आणि माती द्या. मी ऐकलं, हूं म्हटलं नाही. तुम्ही वाट बघितलीत. मग म्हणालात, हट्टी आहेस.

तुम्ही गेलात तेव्हा उजाडत होतं. मी बाहेर आले. बायजाबाई बांधाशी दुधाची चरवी घेऊन उभी होती. माझ्याकडे बघून तिनं चरवी खाली ठेवली आणि विचारलं, "पानी तापवू न्हवं?"

मी हो म्हटलं. तिनं हंडा बांधापर्यंत आणला, तिथून मी घेतला. मी तुमचं ऐकलं नाही, आक्का. डोक्याकडे मी उभी राहिले, पायाकडे मीच गेले. तुमच्या उजव्या दंडावर सुईची खूण नव्हती, डाव्यावरही नव्हती, ते मी डोळ्यांनी पाहिलं. बोलायचं असतं म्हणून मी बोलायला गेले, पण मला तुमच्यासारखं काही साधेना. पाणी गरम आहे एवढंच म्हणाले. मग जुने राग निघाले. माझ्या लग्नातली साडी तुम्ही न विचारता आल्यागेल्याला देऊन टाकली होतीत, तेसुद्धा मी तुम्हाला तेव्हा बोलून दाखवलं. तुमचे पांढरे कपडे सारामावशीसाठी आणलेल्या कापडातूनच निघाले. जास्तीचं कापड तुम्ही चुकून घेतलं नसणार, हे कपडे चढवताना माझ्या ध्यानात आलं.

डॉक्टरांनी गाठ बघितली त्याच दिवशी तारा केल्या होत्या, दुपारी माणसं आली. तुमचे भाऊ, बेनी, साताऱ्याचे म्हातारे पेन्शनर, कोरेगावचा गार्ड, मिरजेचे दोघे भाऊ. डॉक्टरांनी त्यांना बांधावरच थांबवलं. बायजाबाईच्या नवऱ्यानं आणि चुनेवाल्यांनी तुम्हाला सारामावशीच्या शेजारी ठेवलं. साताऱ्यात यजमानांच्या बाजूला तुम्ही स्वतःसाठी जागा राखून ठेवली होतीत, ती तशीच राहिली. मी झोपडीच्या दारात उभी. तुमचे भाऊ मला दिसत होते, पण चेहरा दिसत नव्हता. माती लोटून झाली. आता कद्दीश म्हणायची, तर बांधावर नऊच जण. ते एकमेकांकडे बघत उभे राहिले. गार्ड रस्त्याकडे जाऊन आला. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. ऊन कलायला लागलं.

तेवढ्यात मिरजेकडच्या पायवाटेनं एक माणूस येताना दिसला. डोक्याला टोपी, हातात काही नाही. तो बाकीच्यांपासून हात-दोन हात लांब थांबला. दानियल होता. त्याच्याशी कुणी बोललं नाही. तो तुमच्या मातीकडे बघत होता, आणि तिच्या पलीकडच्या मातीकडे अजून त्याची मान वळत नव्हती. बायजाबाईकडून माझा राग सगळ्यांच्या कानावर गेला होता. तुमच्या भावानं बांधावरून मला मोठ्यानं विचारलं, "लेआ, सुरू करू का?"

मी त्या मुलाकडे पाहिलं. माझ्या तोंडात जे होतं ते त्याला ऐकवायचंच, असं मी किती वेळा तुम्हाला सांगितलं होतं. मी म्हटलं, "करा."

ते सुरू झाले आणि थोड्या वेळानं त्याचा आवाज सगळ्यांच्या वर आला. तो रडत नव्हता. ओरडत होता म्हटलं तरी चालेल. दहा जणांत त्याची कद्दीश दोघींची झाली, असं मला वाटलं. मी त्याला क्षमा केली का, तर नाही. पण मी थांबवलं नाही, एवढं तुम्हाला कळावं.

आता मी आणि हा माळ. डॉक्टर रोज येतात, काखा बघतात, जीभ बघतात, आणि उद्या येतो म्हणतात. उद्यावर त्यांचा आवाज जरा पडतो. पेठेत आणखी उंदीर मिळाले. खालच्या वस्तीत एका मुलीला ताप आहे. रात्री मी स्वतःच्या कपाळाला हात लावते, मग कळेनासं होतं की कपाळ गरम आहे की हात.

मला काही झालं तर आपल्यातली बाई इथं कुणी नाही, हा विचार मी फार करत नव्हते. पण परवा बायजाबाईच्या तो मनात आला असावा. भाकरी ठेवून ती परत गेली नाही. बांधापलीकडे उभी राहून म्हणाली, "आवं बाई, तुमी आक्कांचं कसं केलं, म्या सगळं बगितलंय. उगं जिवाला लावून घिऊ नगा. म्या हाय की."

तुम्ही असता तर तिला तिथूनच परत पाठवलं असतं, काहीतरी थाप मारून. मी पाठवलं नाही. मी तिला सांगितलं की मला ताप आलेला नाही, पण येणारच नाही असं नाही, आणि तू टोचून घेतल्याशिवाय या दारात पाऊल ठेवायचं नाही. ती म्हणाली, सुईचं लय भ्या वाटतं. मी म्हटलं, मग येऊ नकोस. ती गेली. मला वाटलं, संपलं.

आज सकाळी ती आली ती एक हात दुसऱ्या हातानं धरून. चोळीची बाही वर सारून तिनं बांधावरूनच मला दंड दाखवला. सुजून लाल झाला होता. म्हणाली, "घ्या. लय दुकतंय. आता तर बोलू द्या."

मग ती तिथंच बसली आणि आपण दोघी कोकणात कशाला गेलो होतो ते तिनं विचारलं. मी सांगत होते. तिनं मध्येच विचारलं, पानी किती तांबे घालायचं असतं? मी तेही सांगितलं. ऊन वर येईपर्यंत ती ऐकत होती.

आता संध्याकाळ झाली आहे, आक्का. ताप आलेला नाही.